आधी माती आणा

उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत ‘पागनीस टायर्स’ नावाचं दुकान आहे. तिथे गेलात तर टायर लगेच बघायला मिळणार नाहीत. काउंटरमागच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारतील, “गाडी कुठे जाणार?” तुम्ही म्हणालात, “इथेच, इंदूर-देवास,” तर काही झंझट नाही. अर्ध्या तासात टायर बसवून तुम्ही मोकळे. पण चुकून जरी म्हणालात की गाडी कच्च्या रस्त्याने, चिखलातून जाणार आहे, की चष्मा परत डोळ्यांवर येतो आणि बाई म्हणतात, “मग आधी माती आणा.”

माती म्हणजे माती. ज्या वाटेने जायचंय तिथली, पिशवीभर, ओली. बरीच गिऱ्हाइकं इथेच उठतात आणि समोरच्या दुकानात जातात. बाईंना त्याचं काही वाटत नाही. त्या चहा मागवतात.

विनोदिनी पागनीस हे त्यांचं नाव, पण सगळं फ्रीगंज त्यांना अक्का म्हणतं. वय चौसष्ट. अंगावर भैरवगढ़च्या छापाची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हाताला रबराचा वास. त्यांचे पूर्वज दरबाराच्या पागेत घोड्यांच्या नोंदी ठेवायचे, म्हणून आडनाव पागनीस. “आमच्या घरात खुरं बघायचं काम होतं, मी चाकं बघते,” असं त्या म्हणतात, “फरक फक्त लिदीचा.” बी.एस्सी. झाल्यावर त्या वडिलांच्या दुकानात बसल्या, त्या अजून उठलेल्या नाहीत. त्यांचं लग्न जमलं नाही असं लोक म्हणतात. जमवलं नाही असं त्या म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्यावरून मला तेच खरं वाटतं.

जुना टायर हातात घेऊन त्या गाडी चालवणाऱ्याची कुंडली मांडतात. एकदा एका प्रोफेसरसाहेबांना त्यांनी सांगितलं, “तुम्ही वळणावर उशिरा ब्रेक मारता आणि मग बायकोवर ओरडता.” ब्रेकचं टायरच्या कडेवरून कळलं असेल, बायकोचं कसं कळलं ते देव जाणे. प्रोफेसर तापले. बायको मात्र इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मी बँकेतला माणूस. नोकरीत बदली होऊन उज्जैनला आलो आणि इथलाच झालो. अक्कांना मी तीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली एकोणतीस वर्षं त्या मला विक्षिप्तच वाटत आल्या. तिसावं वर्ष म्हणजे हे चालू वर्ष. त्यात मी त्यांच्याशी लबाडी केली, तीही अगदी भिकार दर्जाची. तेच सांगायचंय.

माझी मुलगी भार्गवी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे सरळ करते आणि रविवारी जुन्या जीपमध्ये बसून स्वतःची हाडं खिळखिळी करून घेते. इथे तिच्यासारख्या आठ-दहा जणांची एक टोळी आहे. त्यांचा म्होरक्या अनय, हा दातांचा डॉक्टर. दर ऑगस्टमध्ये ही मंडळी भर पावसात मोहिमेवर निघतात. उज्जैनहून आगर, झालावाड, पुढे चंबळच्या घळींची बीहडं. दहा दिवस, आणि पक्का रस्ता शक्यतो टाळायचा. चांगला रस्ता असताना तो टाळण्यात काय मर्दुमकी आहे, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

मागच्या वर्षी भार्गवी पहिल्यांदा गेली आणि दुसऱ्याच दिवशी आगरच्या पुढे एका नाल्यात तिची जीप रुतली. पाणी चढत होतं, फोन लागत नव्हता. दुपारी एकपासून संध्याकाळी सातपर्यंत मी आणि माझी बायको विजया समोरासमोर बसून होतो. सात वाजता ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली आणि तिचा फोन आला. “बाबा, मस्त मजा आली!” म्हणाली. मी फोन विजयाच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो.

यंदा अनयने नियम केला. मोहिमेच्या आधीच्या रविवारी चाचणी. भैरवगढ़च्या पुढे, उन्हेल रस्त्याच्या बाजूला एका ओळखीच्यांचं शेत आहे. तिथल्या गाडवाटेने, वाटेतला नाला ओलांडून, दोन चकरा मारायच्या. ज्या गाडीला दोनदा दोर लावून काढावं लागेल, ती यंदा घरी. चालवणाऱ्याने जागा आधी बघायची नाही. मात्र त्याच्या बाजूचा एक माणूस खाली उभा राहून हाताने वाट दाखवू शकतो, आणि त्या माणसाने जागा आधी बघितली तर चालेल.

“काका, टीमचा सवाल आहे,” अनय मला म्हणाला. “मागच्या वर्षी भार्गवीच्या एका गाडीपायी सगळ्यांचा अख्खा दिवस गेला.”

भार्गवीला हे फार लागलं. तिने जेवताना जाहीर केलं की ती यंदा जाणार म्हणजे जाणारच. दुसऱ्या दिवशी ती अक्कांकडे गेली आणि अर्थातच ‘आधी माती आणा’ ऐकून परत आली. तिला जागेवर जायची बंदी. म्हणून ती मला म्हणाली, “बाबा, तुम्ही रिकामेच आहात. त्या शेतावरची पिशवीभर माती आणून अक्कांना द्या ना, प्लीज.”

मी हो म्हणालो. आणि त्या हो म्हणण्यातच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

मला ती जायला नको होती. बाकीची कारणं मी पुष्कळ सांगायचो, दवाखाना बंद राहतो, लोक काय म्हणतील, वगैरे. ती सगळी खोटी. मला भीती वाटत होती, बस्स. आणि इथे साक्षात चिखलाने माझ्या हातात किल्ली दिली होती. भार्गवीच्या जीपला हल्ली रुंद, धिप्पाड टायर होते. फोटोत छान दिसतात म्हणून तिने ते घेतले होते, आणि त्याच टायरांनी मागच्या वर्षी तिला नाल्यात बसवलं होतं. मी अक्कांना अशी न चिकटणारी माती द्यायची, की त्या म्हणतील, आहेत तेच टायर ठीक आहेत. मग रविवारी दोनदा दोर लागेल आणि पोरगी घरी राहील. कोणाला इजा नाही, कोणाशी भांडण नाही.

शेतावर न जाता मी आमच्या गॅलरीत गेलो. तुळशीच्या मोठ्या कुंडीतली भुसभुशीत माती खुरप्याने काढली, पाणी घालून मळली. शेतातल्या काळ्या मातीपुढे रंग फिका वाटला म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून दोन कोळसे मागून आणले आणि चुरून त्यात घातले. छत्तीस वर्षं बँकेत लोकांचे खोटे कागद पकडणारा माणूस मी, आणि बनावट माल करताना माझे हात जरासुद्धा थरथरले नाहीत.

अक्कांनी पिशवीत हात घातला. चिमूट बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग अंगठ्याच्या नखाने काहीतरी बारीक उचलून माझ्यासमोर धरलं.

“ही तुळशीची मंजिरी,” त्या म्हणाल्या. “आणि हा कोळसा. अरविंदराव, आपल्या माळव्यात मातीला इस्त्री करायची पद्धत नाही.”

मी काहीबाही बोललो. त्या ऐकत राहिल्या. दुकानातल्या मिस्त्रीला त्यांनी मागे कुठल्यातरी कामाला पाठवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “पोरीला जाऊ द्यायचं नाहीये ना?”

“नाही.”

“तिला सांगितलंत का तसं?”

“सांगून ऐकेल का ती?”

“म्हणजे नाही सांगितलं.” अक्कांनी पिशवी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. “भीती वाटते, ते बिलकुल ठीक आहे. मला भाऊ नाही, मूल नाही, तरी इथून टायर घालून गेलेली गाडी परत येईपर्यंत माझं लक्ष लागत नाही. पण माझ्या दुकानात मातीत भेसळ नाही चालायची. चला, बसा स्कूटरवर.”

“आत्ता?”

“मग काय मुहूर्त काढता?”

अशा रीतीने एक निवृत्त शाखाधिकारी अक्कांच्या स्कूटरवर मागे बसून भर दुपारी सगळ्या फ्रीगंजमधून मिरवत गेला. ओळखीच्या तिघांनी हात केला. मी एकालाही उलट हात केला नाही.

शेतावर पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. अक्कांनी कुंपणातला एक बांबू उपसला आणि माझ्या हातात दिला. “मला वाकवत नाही. तुम्ही खुपसा.”

गाडवाटेवर बांबू वीतभर आत गेला आणि खाली ठक् करून थांबला. “हा पक्का तळ,” अक्का म्हणाल्या. “वरचा चिखल नुसता चोरटा आहे. टायरने तो कापून खाली तळाला जायला पाहिजे. आता जरा दहा पावलं चालून दाखवा.”

दहा पावलं चाललो. दोन्ही बुटांना मणभर काळी माती चिकटली. पाय उचलेना, आणि उचलला की घसरायला व्हायचं. अक्का खुशीत होत्या. “तुमच्या भार्गवीच्या टायरचं अगदी हेच होतं. खाचा बारीक, त्यात माती गच्च बसली की टायर गुळगुळीत. रुंद असल्यामुळे तळालाही जात नाही, वरच्या वर पोहत बसतो. त्यात तो मडगार्डला घासतो आणि तिथेही माती भरते.”

पुढे वाट एका नाल्याशी उतरत होती. तिथे उजवीकडे म्हशींनी लोळून लोळून मऊ पसरट उतार केला होता. दिसायला तोच सोपा. डावीकडे बाभळींची रांग, आणि त्यांच्या मुळाशी जेमतेम एक गाडी जाईल एवढी तिरकी, अवघड पट्टी. मी उजवीकडे बांबू खुपसला. तो आत गेला, जातच राहिला, माझी मूठ चिखलाला लागली तरी तळ नाही. डावीकडे खुपसला तर चार बोटांवर ठक्. खाली सगळे चुन्याचे खडे.

“इथे कुठला टायर काही करणार नाही,” अक्का म्हणाल्या. “इथे बाजू निवडावी लागेल. बघून ठेवा.”

मी बघून ठेवलं. मग खरी माती पिशवीत भरून आम्ही परत आलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, “कोळशाचं मी तिला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.”

शुक्रवारी संध्याकाळी भार्गवीला बोलावून अक्कांनी परीक्षा घेतली. ही परीक्षा बघायला चौकातली माणसं जमतात. चाकांचा तोल तपासायचं जे मशीन असतं, ज्यावर चाक गरागरा फिरतं, त्यावर त्या एकेक चाक चढवतात, आणलेल्या मातीने त्याच्या खाचा लिंपतात आणि बटण दाबतात. मशीनच्या कंपनीने हे पाहिलं असतं तर रडली असती.

पहिलं चाक भार्गवीचं, रुंद. फिरलं, थांबलं. माती जिथल्या तिथे. अक्कांनी नखाने खरवडून दाखवली. दुसरा टायर सडकेलाही चालेल आणि कच्च्यालाही, अशा जातीचा. त्याने निम्मी माती टाकली. तिसरा टायर अरुंद आणि उंच, त्यावर जाडजूड ठोकळे आणि ठोकळ्यांमध्ये बोट मावेल एवढ्या उघड्या खाचा. बटण दाबलं आणि माती फटाफट सुटली. कॅलेंडरवर, पंख्यावर, आणि मी जिथे उभा होतो तिथे माझ्या पांढऱ्या शर्टावर.

“हा,” अक्का म्हणाल्या.

भार्गवी टायरभोवती एक चक्कर मारून आली. “अक्का, हा तर दुधाच्या पिकअपचा वाटतोय. अनय हसेल मला.”

“हसू दे. दात त्याचेच आहेत.” अक्का पदराला हात पुसत होत्या. “पक्क्या रस्त्याला हा आवाज करेल, पावसात ब्रेक जरा लांब लागेल, ते ध्यानात ठेव. चिखलात उतरण्याआधी बत्तीसची हवा अठरावर आण. बाहेर आलीस की परत भर. आणि जोरात स्टिअरिंग फिरवायचं नाही. टायरला त्याचं काम करू दे.”

“आणि नाल्याचं?”

“नाल्याचं तुझ्या माणसाला विचार. कोण उभं राहणार तुझ्या बाजूने?”

“तुम्हीच ना?”

“मी चिखलात उभी राहिले तर मलाच दोर लावावा लागेल. दुसरं कोणी बघ.”

शनिवारी सकाळी विजया गॅलरीतून ओरडली. तुळस कलंडली होती, कुंडी अर्धी रिकामी. उंदीर असतील, मी म्हणालो. विजयाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. भार्गवी कुंडीपाशी बसली, माती थोपटून तिने तुळस सरळ केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला विचारत होता, साहेबांनी कोळसा कशाला नेला म्हणून.”

बँकेत एवढे लोक माझ्यासमोर असे उभे राहिले असतील, पण उभं राहणाऱ्याला तो वेळ किती लांब वाटतो याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

“मागच्या वर्षी तुम्ही रडलात, ते आईने सांगितलंय मला,” ती म्हणाली. “मी तेव्हा फोनवर मजा आली म्हणाले. मजा नव्हती आली बाबा, जाम फाटली होती. पण मला परत जायचंय. भ्यायले म्हणून नाही गेले असं मला व्हायला नकोय.” मग ती उठली. “उद्या माझ्या बाजूने तुम्ही उभे राहा. जागा तुम्ही बघितलीय.”

“मी?”

“तुम्हीच.”

रविवारी सकाळी पाच गाड्या आल्या होत्या. अक्का एका छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यापाशी जाऊन उभा राहिलो. अनय पहिला आला. रुंद टायर, जोरात. तो उजवीकडून, म्हशींच्या उतारावरून चिखल उडवत गेला आणि नुसत्या वेगाच्या जिवावर पार झाला. मागे त्याने मांडीएवढे खोल दोन चर सोडले. पुढचे दोघे त्याच बाजूने गेले, दोघांनाही दोर लागला.

मग भार्गवी आली. गाडवाट तिने कुठेही न घसरता पार केली होती. अरुंद चाकं चिखल कापत तळ धरून चालली होती आणि माती फेकत होती. नाल्याच्या तोंडाशी तिने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त बाभळींच्या बाजूला हात करायचा होता. पण समोर नाला होता, काचेमागे तिचा चेहरा होता, आणि मला तो मागच्या वर्षीचा संध्याकाळी सातपर्यंतचा वेळ आठवला. माझे हात पाठीमागे एकमेकांत अडकलेले राहिले. मी खोटं काही दाखवलं नाही. काहीच दाखवलं नाही. ती एक क्षण थांबली, मग पुढच्यांच्या चरांतून उजवीकडे वळली आणि दहा फुटांवर जीप पोटापर्यंत बसली.

एक दोर झाला.

तिला ओढून काढलं तशी ती जीप वळवून परत सुरुवातीला गेली. अक्कांनी छत्री मिटली आणि खुर्चीवरून उठून नाल्याच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या. मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या चकरेला ती नाल्याशी आली आणि तिने जीप थांबवली. खाली उतरून चारी चाकांची आणखी थोडी हवा काढली. सगळे बघत होते. कोणीतरी म्हणालं, वेळ काढतेय. ती परत बसली, काच खाली केली आणि मला हाक मारली.

“बाबा, कुठून?”

तिचा आवाज अगदी साधा होता. मी उजवीकडे बोट केलं असतं तरी ती गेली असती. मला ते दिसत होतं. ती घरी राहिली असती, दहा दिवस रोज संध्याकाळी मला चहा करून दिला असता, आणि एका शब्दाने काही म्हणाली नसती.

“बाभळीच्या कडेने!” मी ओरडलो. “डावीकडून. माझ्याकडे बघ, चिखलाकडे बघू नकोस. थांबायचं नाही!”

मी बाभळींखाली शिरलो आणि तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात वर धरून, उलटा चालू लागलो. थोडं इकडे, थोडं तिकडे, ये, ये, सरळ ये. एका पायातला बूट चिखलात राहिला, काट्यांनी बाही फाटली. जीप तिरकी झाली, मागचं चाक उजवीकडे सरकलं. मी हात हलवले नाहीत. चाकाखाली खडे करकरले, ठोकळ्यांनी पकड घेतली आणि गाडी हळूहळू, बैलगाडीच्या चालीने माझ्या अंगावर येऊ लागली. मी बाजूला झालो. ती माझ्याजवळून वर चढली आणि पलीकडच्या कोरड्या बांधावर गेली.

टाळ्या पडल्या. अनयने हातातल्या कागदावर तिच्या नावापुढे खूण केली आणि ते मोठ्याने वाचलं. पुढच्या शनिवारी पहाटे निघायचं होतं. दहा दिवस, चंबळपर्यंत, आणि तिथे पाठवणारा मीच होतो. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि पलीकडे भार्गवी जीपच्या बॉनेटवर चढून आईला फोन करत होती.

अक्का सावकाश माझ्याजवळ आल्या. माझा चिखलातला बूट त्यांनी छत्रीच्या टोकाने बाहेर काढला होता, तो माझ्यासमोर ठेवला.

“अरविंदराव,” त्या म्हणाल्या, “गाडी गेली. हात घ्या आता खाली.”